सात नंबरचं उष्टं

४ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा. बस, आगगाडी, परत बस आणि शेवटचा तुकडा पायी. अंगाचा पार भुगा झाला, पण जागा बघून शीण गेला. दवाखाना चांगला ऐसपैस आहे आणि फरशी अशी चकचकीत की आत शिरताना मी चपला काढून हातात घेतल्या. दारावरचा पहारेकरी हसला. म्हणाला, घाल रे पायात, ती फरशी उद्यापासून तुलाच पुसायची आहे.

राहायला गच्चीखालची खोली दिली आहे. एक खाट, एक खुंटी, एक खिडकी. खिडकीतून दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरी दिसतात. वारा आला की सगळ्या एकदम फुगतात, जणू पोट धरून हसताहेत. मला जागा आवडली.

ही वही ताईने दिली. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. घरातल्या एकालाच शाळेत घालता येत होतं तर तिने मला घातलं, आणि मी असा दिवटा की सहावीत दप्तर टाकून पळालो. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नाही. तरी निघताना वही हातात ठेवून म्हणाली, भिंगरी, रोज लिहायचं आणि आलास की सगळं मला वाचून दाखवायचं. भिंगरी म्हणजे मी. बूड एका जागी टेकत नाही म्हणून. कामं धरली आणि सोडली त्याची गणती नाही. पण या वेळी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं आहे, टिकणार.

संध्याकाळी खालच्या कॅन्टीनमध्ये एकटा जेवलो आणि ताट स्वच्छ केलं. घरी माझं ताट कायम अर्धवट. चार घास पोटात गेले की मी बाहेर, आणि ताई मागे बसून माझं उष्टं खायची. तिला अन्न टाकवत नाही. आता मागे कुणी नाही, तेव्हा आपलं ताट आपणच संपवायचं.

५ तारीख, मंगळवार

आमचा पोटाचा वॉर्ड. कुणाचं आतडं, कुणाचं यकृत, कुणाची अन्ननळी. वास येतो, खोटं कशाला बोलू, पण गोठ्यात काम केलेल्या माणसाने नाक मुरडू नये.

शिकवायला मामा आहे. कुणाचा मामा ते कुणालाच ठाऊक नाही, मोठ्या सिस्टरसुद्धा त्याला मामाच म्हणतात. पाय वाकडे, तोंड कायम चालू. त्याने मला खाटाखाटांवरून फिरवलं. तीन नंबरला ट्रक ड्रायव्हर, पोटात पाणी झालंय. सकाळी सिस्टर फितीने त्याच्या पोटाचा घेर मोजतात, तेव्हा तो रोज विचारतो म्हणे, शिंपीणबाई, माझा शर्ट कधी शिवून होणार. पाच नंबरला एक काकू आहेत, आतड्याचा तुकडा काढून पोटावर पिशवी लावली आहे. ती पिशवी मी रिकामी करायला गेलो तर काकू तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या. मी म्हटलं, काकू, माझ्या ताईने माझे लंगोट धुतले तेव्हा ती केवढीशी होती, आता माझी पाळी आली, कुठून तरी फेडायला नको का. मग पदराआडून हसल्या.

मोठ्या सिस्टरांचे नियम: हात धुवायचे, परत धुवायचे, भांड्यात काय रंगाचं पडलं ते पाहून सांगायचं, आणि खाटेवर उपाशी अशी पाटी असेल त्याला पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, कितीही हात जोडले तरी.

मामाचा नियम एकच. रोग्याचं उष्टं तोंडाला लावायचं नाही. मी म्हटलं, मामा, मी काय मांजर आहे का. तो म्हणाला, मांजराला सांगावं लागत नाही, ते वास घेऊन निघून जातं.

७ तारीख, गुरुवार

सात नंबरबद्दल लिहायचं राहिलं. कोपऱ्यात, खिडकीजवळची खाट. अन्ननळी आवळून गेली आहे, घास उतरत नाही. नाकातून थेट पोटात नळी घातली आहे आणि त्यातून पातळ पांढरं अन्न जातं. बोलत नाही, आवाज कधीच बसलाय. भेटायला कुणी येत नाही. किती वर्षं आहे म्हणून मामाला विचारलं तर म्हणाला, मी आलो तेव्हा होता. पण तब्येत बघावी तर गाल वर आलेले, मनगटं गुबगुबीत, नखं गुलाबी. मी म्हटलं, मामा, तुम्हा दोघांना शेजारी उभं केलं तर डॉक्टर तुलाच आधी खाटेवर टाकतील. एरवी असल्या बोलण्यावर मामा खिंकाळतो. आज नुसत्या चादरी गोळा करायला लागला.

नळीचं काम खरं सिस्टरांचं. पण माणसं अपुरी, म्हणून मोठ्या सिस्टरांनी शेजारी उभं करून मला शिकवलं. आधी उशाकडची बाजू उंच करायची. मग मोठी सिरिंज नळीला लावून हळूच मागे ओढायची, मागचं अन्न पोटात पडून आहे का ते बघायला. थोडंसं आलं तर तेच परत आत सोडायचं, फेकायचं नाही, त्यात अंगाला लागणारे क्षार असतात. फार आलं तर समजायचं पचत नाही, आणि पुढचं अन्न थांबवायचं. मग कोमट अन्न हळूहळू, मग पाणी सोडून नळी साफ. सिस्टर म्हणाल्या, आपण काय दिलं ते सगळ्यांना माहीत असतं, परत काय येतं ते बघायचं, पोट खोटं बोलत नाही.

नंतर त्याला तेच अन्न पेल्यातून तोंडाने थोडं द्यायचं, गिळायची सवय मोडू नये म्हणून. तो एक घोट घेतो. मग बोटाने खाटेच्या दांडीवर टकटक करतो आणि पेला माझ्याकडे सरकवतो. उरलेलं मोरीत ओतायचं.

रोज मोरीत ओतताना हात आखडतो. गोड वास येतो त्याला.

१० तारीख, रविवार

आज धावपळ झाली. तीन नंबरच्या पोटातलं पाणी काढलं, काकूंची पिशवी सुटली, मग सगळ्या चादरी बदलल्या. जेवायला खाली गेलो तर कॅन्टीनचं दार लागलेलं. पोटात कावळे ओरडत होते. वर आलो, सात नंबरला दुपारचं दिलं. त्याने घोट घेतला, टकटक केलं, पेला सरकवला. मोरीपाशी गेलो. पेला जवळजवळ भरलेला. ताई असती तर तिने ओतू दिला नसता, असं मनात आलं. इकडेतिकडे पाहिलं आणि पिऊन टाकला.

चव छान होती. खीर पातळ केल्यासारखी.

वळलो तर सात नंबर माझ्याकडे बघत होता. मला वाटलं आता हा सिस्टरांना खुणेने सांगणार. पण त्याने डोळे मिटले आणि हात पोटावर ठेवले, पंगत उठल्यावर तृप्त माणूस ठेवतो तसे.

कुणाला सांगायचं नाही. ताईला वाचून दाखवताना हे पान गाळायचं.

१३ तारीख, बुधवार

भूक फार लागते आहे. सकाळी दोन माणसांचं खाल्लं, काकूंना धरून उठवेपर्यंत परत पोट रिकामं. कॅन्टीनचा आचारी म्हणतो, तुझ्या पोटाला बूड आहे की नाही. सगळे हसले, मी पण हसलो. कामाचा माणूस, भूक लागणारच.

ताईचा फोन आला. तिचा नेहमीचा प्रश्न, खातोस ते अंगाला लागतं ना. मी म्हटलं, येऊन बघ, ढेरी सुटली आहे. फोन ठेवून पट्टा बांधायला गेलो तर नवीन भोक पाडावं लागलं.

१५ तारीख, शुक्रवार

सकाळी सात नंबरची नळी ओढली आणि सिरिंजमध्ये लाल आलं. हातातलं सगळं टाकून सिस्टरांना हाक मारली. पोटात रक्तस्राव म्हणून एकच पळापळ. डॉक्टर आले, नमुना तपासायला गेला, अन्न बंद, उपाशीची पाटी लागली. सात नंबर मजेत पडून होता.

दुपारी निरोप आला, रक्त नाही. बीटाचा रस आहे.

मोठ्या सिस्टरांनी मला कोपऱ्यात घेतलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, दया येते मला पण, पण ज्याची अन्ननळी आवळली आहे त्याच्या तोंडात भाजी कोंबणं म्हणजे त्याचा गळा दाबणं. कुणी दिलं. मी शपथेवर सांगितलं की मी नाही. त्या म्हणाल्या, मग कुणी, पोट खोटं बोलत नाही.

काल कॅन्टीनमध्ये बीटाची भाजी होती. मी तीनदा वाढून घेतली होती.

१६ तारीख, शनिवार

योगायोग असेल. आचाऱ्याला विचारलं, वर कुणी भाजी नेली का. तो म्हणाला, वर न्यायला तू काही ठेवलंस का.

आज जे मागे आलं त्यात टोमॅटोच्या साली होत्या, बारीक. सिस्टर यायच्या आत मी ते परत आत सोडलं. नियम आहे, जे येतं ते परत द्यायचं.

१८ तारीख, सोमवार

एकदाचं काय ते पाहून घ्यायचं ठरवलं. रस्त्यापलीकडच्या टपरीवरून निळ्या गोळ्या घेतल्या, पोरं चघळतात त्या. एकामागून एक तोंडात टाकल्या. आरशात जीभ बघितली, शाईत बुडवल्यासारखी. वर पाणी प्यायलो, जिना चढलो आणि सात नंबरची नळी ओढली.

निळं.

त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडून मला जीभ दाखवली. जीभ गुलाबी होती, स्वच्छ. मग दांडीवर टकटक.

त्याला गोळ्या आवडल्या. आणखी हव्या आहेत.

१९ तारीख, मंगळवार

मामाला धोब्याच्या दोऱ्यांमागे गाठलं आणि सगळं सांगितलं. वाटलं हसेल. त्याने हातातली चादर खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, पेला प्यायलास का. मी हो म्हटलं. मामा तिथेच मातीत बसला.

म्हणाला, तुला सांगितलं होतं. अशा गोष्टी याहून उघड कशा सांगणार, वेड्यात काढलं असतंस आणि मुद्दाम प्यायला असतास.

मग सांगितलं. माझ्या आधी इथे एक पोरगा होता. उंच, गाणी म्हणणारा. त्यानेही एका दुपारी तो पेला संपवला. मग खात सुटला आणि वाळत गेला. शेवटी आठ नंबरला झोपवलं, सात नंबरच्या शेजारी. डॉक्टरांना काही सापडलं नाही. तो जे खाईल ते याच्या पोटात. सात नंबर त्याच्या आधीही कुणाचं तरी खात होता, आणि मामाच्या आधीची माणसं सांगायची की हा सात नंबर स्वतः कधीकाळी इथलाच, आपल्यासारखा गणवेश घालून भांडी उचलणारा.

मी म्हटलं, सुटायचं कसं. मामाने खाली ठेवलेली चादर परत उचलली. म्हणाला, सुटका नाही, फक्त जगता येतं. तुझं उष्टं दुसऱ्या कुणी खाल्लं की त्याचं तुला मिळायला लागेल. तुझं याला, त्याचं तुला. उंच पोरग्याला हे माहीत होतं. त्याने शेवटपर्यंत आपल्या पेल्याला कुणाला हात लावू दिला नाही. भला होता. म्हणून गेला.

उठताना मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण माझ्या बाटलीतलं पाणी पुढे केलं तेव्हा तो दोन पावलं मागे सरला.

२० तारीख, बुधवार

मी पण माझ्या उष्ट्याला कुणाला हात लावू देणार नाही. लिहून ठेवतो म्हणजे मोडता येणार नाही. माझं ताट मी स्वतः धुणार. चहाचा कप फोडून टाकणार.

मामाने बदली मागून घेतली. वरच्या मजल्यावर गेला.

२२ तारीख, शुक्रवार

ठरवलं, खायचंच नाही. मी नाही खाल्लं तर त्याला काय मिळणार. काल दिवसभर नुसतं पाणी. सात नंबर बेचैन होता, दांडी वाजवत होता. मला बरं वाटलं. म्हटलं, वाजव.

आज सकाळी परत लाल आलं. या वेळी रक्तच निघालं. पण तपासणीवाला वर आला आणि म्हणाला, नमुने बदलले असतील, याचा रक्तगट हा नाही. कागद सिस्टरांच्या हातात होता, मी खांद्यावरून पाहिलं. मग गळ्यातलं माझं ओळखपत्र उलटं केलं. कामावर घेताना माझं रक्त तपासून त्यावर गट छापला आहे.

तोच.

मी खात नाही तर तो मलाच खातो आहे.

खाली जाऊन जेवलो. रडत जेवलो. आचारी वाढत राहिला.

२४ तारीख, रविवार

पळालो. पळणं मला जमतं, तेवढंच जमतं. पिशवी उचलली आणि मिळेल ती बस धरली. दुपारपर्यंत बस चालत होती. खिडकीतून ओळखीचं काही उरलं नाही तेव्हा वाटलं, सुटलो.

बस थांबली तिथे ताटभर भात खाल्ला. शेवटचा घास गिळला आणि आत तो पडल्याचं कळलंच नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये तसं. परत मागवला. परत तसंच. टेबल धरून उठलो, एवढं आठवतं.

२६ तारीख, मंगळवार

त्या स्टँडवरच्या लोकांनी खिशातलं ओळखपत्र पाहिलं आणि जिथला होतो तिथे पोचवलं. भले लोक.

आठ नंबर. कोपऱ्याजवळची खाट. उजवीकडे तो.

तीन नंबरचा ड्रायव्हर लांबून ओरडला, काय रे पोरा, काम आवडलं नाही म्हणून रोगी झालास. काकू आपली पिशवी सावरत येऊन माझ्या पायाशी बसल्या.

घास उतरत नाही. दोन दिवसांत गळा आवळत गेला. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. पोट रिकामं, स्वच्छ, म्हणाले, धुतल्यासारखं.

२७ तारीख, बुधवार

माझ्या नाकात नळी. मोठ्या सिस्टर स्वतः सगळं करतात. उशाकडची बाजू उंच. सिरिंज मागे ओढतात. काही येत नाही. मग अन्न सोडतात. पुढच्या वेळी परत ओढतात. काही येत नाही.

डॉक्टर खूश. म्हणाले, छान पचतंय, वाढवा.

पलीकडे सात नंबरच्या सिरिंजमध्ये एवढं येतं की त्याचं अन्न थांबवलं आहे. तरी त्याची हनुवटी दुहेरी झाली.

२९ तारीख, शुक्रवार

आवाज गेला. नळी घशाला घासते म्हणून, म्हणतात.

दवाखान्याने घरी कळवलं. ताई निघाली आहे.

ताई येते आहे आणि ती अन्न टाकत नाही.

३० तारीख, शनिवार

मोठ्या सिस्टरांपुढे वही उघडून धरली. त्या खुर्ची ओढून बसल्या, सगळं वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. पेल्याच्या पानावर थांबल्या. मग वही मिटून उशीखाली सारली आणि माझ्या कपाळावरून हात फिरवला. उपाशी देहाला काहीबाही दिसतं, म्हणाल्या. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं.

मी परत पेन्सिल घेतली. लिहिलं, ताईला सांगा माझं उष्टं पिऊ नको. एवढंच. त्या म्हणाल्या, सांगते रे बाबा, तसंही कुणी पिऊ नयेच.

१ तारीख, सोमवार

ताई आली. दारात थांबली, मला ओळखलंच नाही. सात नंबरकडे गेली आधी, त्याचे गाल बघून — तिला वाटलं तो मी.

मग पायाशी बसून बराच वेळ माझी पावलं चोळत होती. म्हणाली, फोनवर ढेरी सुटली म्हणत होतास.

सिस्टरांनी तिला सांगितलं. ताईने मान डोलावली. मी ओळखतो ती मान. सावकारालाही अशीच डोलवायची आणि आपल्याला हवं तेच करायची.

मी वही तिच्यासमोर धरली. बोट ठेवून दाखवलं. ती हसली. अक्षर सुधारलं की, म्हणाली. घरी जाऊन वाच, घाई नाही.

२ तारीख, मंगळवार

मला पण पेला चालू झाला. गिळायची सवय मोडू नये म्हणून. ताई धरते. एकच घोट उतरतो. सगळा संपवायचा प्रयत्न केला, म्हणजे उरणारच नाही. ठसका लागला, नाकातून आलं, सिस्टर धावल्या.

ताईने पेला वर उचलला तेव्हा मी हाताने उडवला. फरशीभर पांढरं. ताई पुसत होती. एवढंच म्हणाली, अन्नाला असं नाही करायचं, भिंगरी. आवाज रडका.

सात नंबर बघत होता.

३ तारीख

ताई कालपासून जेवलेली नाही. मी जेवत नाही म्हणून. सिस्टरांनी किती सांगितलं.

आज पण पेला उडवला. हात नीट उचलत नाही. थोडंच सांडलं. बाकी सिस्टरांनी मोरीत — बरं झालं.

उंच पोरगा गाणी म्हणायचा. आठ नंबरच्या दांडीवर, आतल्या बाजूला, नखाने काहीतरी कोरलेलं आहे. हात फिरवला. अक्षरं नाहीत. नुसत्या रेघा. तो मोजत असेल. मी मोजणार नाही.

भूक.

भूक नाही ही. भूक पोटात असते. ही डोळ्यांत, हाडांत — काकूंच्या ताटाचा वास आला आणि मी दात आवळले तर दाताचा तुकडा —

तारीख माहीत नाही

ताईला सिस्टरांनी ओरडून खाली पाठवलं, जेवून ये. ती गेली आणि परत आली, न जेवता. म्हणाली, याचं झाल्याशिवाय नाही उतरत.

पेला आणला आहे. कोमट. गोड वास.

एक घोट घेतला. ती म्हणाली, शहाणा माझा.

पेला घेऊन मोरीकडे निघाली. धुवायला. पाठ माझ्याकडे. चालताना थांबली.

सिस्टर नाहीत. काकू झोपल्या आहेत. दांडी वाजवली तर ती वळेल. हात दांडीवर आहे. बोट उचललेलं आहे.

उचललेलं आहे —

मी वाजवत नाही. का वाजवत नाही —

तिची मान मागे गेली. तशीच. माझं ताट संपवताना जायची तशी.

ताई

पोटात काहीतरी पडलं. आवाज आला. किती दिवसांनी. गरम. गोड. पोटात ऊब पसरते आहे, थोडी पलीकडे जाते, थोडी माझ्याकडे राहते —

सात नंबर हसतो आहे. हात पोटावर.

ती वळली. ओठ पुसते आहे पदराने. म्हणते, काय एवढं लिहितोस रे, माझ्याबद्दल का. भूक लागली बघ मला एकदम, म्हणते, खाली काय मिळतं.

टकटक. मला वाटलं सात नंबर. बोट माझं.

जा ताई. खाली भात असेल. पोटभर जेव. लाजू नको, परत मागून घे, पोटभर —